गोड बोलायचं न्हाय

काशीचं तोंड म्हणजे गटार, असं दिवेआगरात कुणी म्हटलं तर त्यात खोटं काही नव्हतं. सकाळी वाडीत पाणी सोडायला गेली की पहिली शिवी पंपाला, दुसरी नारळावरच्या माकडांना आणि तिसरी जो कोण समोर येईल त्याला. पोस्टमन तिच्या कुंपणाच्या बेड्याबाहेर सायकल थांबवून आधी कानोसा घ्यायचा, मग आत यायचा. देवळातले बाळाजी गुरव प्रसाद देताना म्हणायचे, "काशे, हात पुढं कर. तोंड नको." त्यावर ती म्हणायची, "तुमच्या देवाला ठावं हाय माझं तोंड. त्यानंच दिलंय मेल्यानं."

पण आळीतल्या जुन्या माणसांना एक गोष्ट ठाऊक होती. काशी ज्याला शिव्या देत नाही, त्यानं समजून जावं की आपण काही तिच्या माणसांत नाही. तिचा दीर शिवदासच घ्या. भावाचं तेरावं होतंय न होतंय तोच त्यानं विहिरीकडची वाट गडगा घालून बंद केली आणि विधवा भावजयीला स्वतःची विहीर पाडेपर्यंत लांबून पाणी वाहायला लावलं. त्याला काशीनं आजवर एक वाकडा शब्द ऐकवलेला नाही. रस्त्यात भेटला की पदर सावरून, "कसं काय भावजी, बरं हाय ना?" एवढंच. शिवदास लोकांना सांगत फिरतो, वहिनी माझ्याशी फार मानानं वागते.

आणि ज्यांच्यावर जीव, त्यांची काही खैर नाही. हे असं उलटं का, तर त्याला कारण होतं.

सदूशी लग्न होऊन काशीला पहिला मुलगा झाला, त्याला ती राजा म्हणायची. तो बसायला लागायच्या आत तापानं गेला. दुसरा झाला तो गोरापान, हसरा. गोकुळाष्टमीला आळीतल्या बायका जमल्या होत्या, त्यांच्यात बसून त्याला मांडीवर नाचवत ती म्हणाली, "माझं सोनं गो ते." त्याच संध्याकाळी पोराचं अंग तापलं आणि आठवडा उलटायच्या आत मांडी पुन्हा रिकामी झाली. तेव्हा सदूच्या आत्यानं तिला समोर बसवलं. म्हणाली, "अगो, सटवी कान लावून बसलेली असते. तू गोड बोलून तिला दाखवतेस कशाला, माझ्याकडं काय हाय ते? पुढचा झाला का उकिरड्यावर टाक. दगड म्हण, धोंडा म्हण, नको नको म्हण. नको असलेली वस्तू कोण चोरून नेत न्हाय."

पुढचा झाला. त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला, शेजारच्या शकूनं उचलून घरी नेला आणि काशीनं मूठभर कोंडा देऊन तो तिच्याकडून परत विकत घेतला. त्याचं नाक टोचलं. शाळेत नाव साहिल, घरात दगड्या. "मर मेल्या, गिळायला ये," हीच त्याची जेवायची हाक. आणि दगड्या जगला.

आता तुम्ही म्हणाल, ताप काही गोड बोलण्यानं येत नाही आणि शिव्यांनी जात नाही. बरोबर आहे तुमचं. पण तुमची मांडी दोनदा रिकामी झालेली नाही.

आत्यानं आणखी एक बजावलं होतं. हे वरवरचं आहे, असं तोंडानं कधी बोलायचं नाही. एकदा बोललं की सटवी ऐकते आणि सगळं फुकट जातं. म्हणून काशीनं ते कुणालाही सांगितलं नाही. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांना माहीत होतं, बाकीच्यांना वाटायचं, बाईचं तोंड घाण आहे. तिला त्याचं काही वाटायचं नाही.

साहिलला बायको मिळाली माणगावची, सोनल. सोनलचे वडील एसटी स्टँडवर माईकवर बसायचे. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," असं बोलून बोलून त्यांची जीभ अशी वळली होती की घरात आमटी वाढ म्हणतानासुद्धा कृपया. अशा घरातली पोर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उठून ओटीवर येते आणि काय ऐकते, "उठलीस का गो भवाने? मला वाटलं मढं पडलं तुजं." सोनल मोरीत जाऊन रडली. तिला कोण सांगणार, की बाई गं, तुझ्या सासूनं पहिल्याच दिवशी तुला पदरात घेतलं?

साहिल सांगू शकला असता, आळीतल्या जुन्या बायकांकडून त्याला सगळं ठाऊक होतं. पण साहिल पडला गोड माणूस. कुणाला नाही म्हणायचं नाही, कुणाचं मन मोडायचं नाही, कुठला विषय म्हणून काढायचा नाही. "आईचं मनावर घेऊ नको," एवढं म्हणून तो कूस बदलायचा. असली गोड माणसं घराला फार महाग पडतात.

किशोरीचा जन्म माणगावचा, सोनलच्या माहेरी. त्यामुळं सूप नाही, उकिरडा नाही, कोंडा नाही. नात घरी आली तेव्हा काशीला पहिलं तेच आठवलं. करायचं ते राहून गेलं होतं, आता सगळं तोंडानंच भागवायला हवं. म्हणून तिनं पोरीचं नाव ठेवलं उकिरडी. आणि शिव्या अशा ठेवणीतल्या काढल्या, की शकूसुद्धा म्हणाली, "अगो, जरा कमी कर. पोर मोठी व्हायचीय."

किशोरी रांगत होती तेव्हा ते वादळ आलं. कौलं पानांसारखी उडाली, माड मुळासकट आडवे झाले, सुपारी कडाकडा मोडत होती. काशी पोरीला पोटाशी घेऊन सैपाकघराच्या कोपऱ्यात बसली, वर गोधडी ओढली आणि दिवसभर घसा फोडून ओरडत राहिली, "मर मेले! कोणाला हवीस तू? घेऊन जा रं वाऱ्या हिला, घेऊन जा!" पोर तिच्या कुशीत ढाराढूर झोपली होती. वारा पडला तेव्हा वाडीत उभं असं थोडंच राहिलं होतं, पण पोरीला ओरखडा नव्हता. काशीच्या मनाशी पक्कं झालं, की पोर शिव्यांनी वाचली. सोनल त्याच गोधडीखाली बसली होती. तिनंही तेच ऐकलं. तिच्या मनात बसलं ते असं, की मरण दारात उभं असतानासुद्धा ही बाई माझ्या लेकीला मर म्हणते.

वाडी गेल्यावर साहिलनं पाहुण्यांसाठी मागच्या अंगाला खोल्या बांधल्या. काशी रांधायची आणि साहिल बोलायचा. "या साहेब, आपलंच घर समजा." पाहुण्यांशी काशीही अदबीनं वागायची. "भाकरी आणू का ताई? सोलकढी देऊ?" जीव नव्हता ना त्यांच्यावर, मग अदबीला काय जातं. किशोरी दिवसभर आजीच्या मागं मागं. आजीनं "उकिरडे!" अशी हाक घातली की लांबून उत्तर यायचं, "काय गो म्हाताऱ्ये!" आणि दोघी खिदळायच्या. पोरीला सगळं कळत होतं. कुणी काही न सांगता कळत होतं.

गेल्या मे महिन्यात पुण्याच्या एक पाहुण्या बाई खिडकीत चहा पीत बसल्या होत्या. किशोरी विहिरीच्या कठड्यावर चढली. काशी धावली, पोरीला दंडाला धरून खाली ओढलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. "चढ अजून! पड आत! मर एकदाची काळतोंडे, सुटेन मी!" बाईंनी ते फोनमध्ये टिपलं आणि सगळ्या जगाला दाखवलं. कोकणातली आजी बघा म्हणून. कुणी हसले, कुणी लिहिलं की अशा बाईला पोलिसांत द्यायला पाहिजे. पोरीला कठड्यावरून कुणी उतरवलं, ते त्यात दिसतच नव्हतं. फिरत फिरत ते सोनलच्या चुलत बहिणीकडं गेलं, मग वडिलांकडं. वडिलांनी फोन करून एवढंच विचारलं, "बाळ, आपली किशोरी का ती?"

त्या संध्याकाळी सोनल काशीसमोर येऊन बसली. आवाज चढवला नाही, भांडं आपटलं नाही.

"आई, मी किशोरीला घेऊन माणगावला राहते. तिच्या शाळेचंही होईल. तुमच्यावर माझा राग नाही. पण तिच्या कानांवर हे शब्द पडलेले मला चालणार नाहीत. तुम्हाला तिला भेटावंसं वाटेल तेव्हा जरूर या. फक्त तिच्याशी नीट बोलायचं. एवढीच विनंती आहे."

"नीट म्हंजे कसं?"

"गोड बोलायचं, आई. बाळा म्हणायचं, सोन्या म्हणायचं. किती सोपं आहे."

गोड बोललं तर पोर जाईल, न बोललं तर पोर दिसणार नाही. काशीनं दाराशी उभ्या असलेल्या लेकाकडं पाहिलं.

"दगड्या, तू सांग की हिला, जाऊ नको म्हणून."

"हो आई," साहिल म्हणाला. "सांगतो मी. जरा वेळ बघून सांगतो."

ती वेळ काही आली नाही. जूनमध्ये सोनल पोरीला घेऊन गेली. साहिल आठवडाभर इकडं, सुट्टीला तिकडं असा जाऊन येऊन राहिला. एसटीच्या खिडकीतून किशोरी ओरडली, "येते गो म्हाताऱ्ये!" आणि सोनलनं तिला हळूच आत ओढून घेतलं.

घर सुनं पडलं. काशीच्या तोंडाला जणू कुलूप लागलं. पंपाला शिवी नाही, माकडांना नाही. पोस्टमन दारात येऊन विचारून गेला, "मावशी, बरं नाही का?" शकूला राहवेना.

"अगो, सांगून टाक ना सोनलला सरळ. पोर शिकलेली हाय, समजून घेईल."

"खबरदार शके. पोरीचं सूप राहिलंय, ठावं हाय ना तुला? नुसत्या तोंडावर जगलीय ती. ते बी सांगून बसू? आणि तू सांगितलंस तर माझ्या मेलेल्या पोरांची शपथ हाय तुला."

शकू तिच्यासमोर सरकून बसली. म्हणाली, "मग गोड बोलायला शीक. मी किशोरी झाले असं समज. बोल."

काशीनं पदरानं तोंड पुसलं, शकूच्या सुरकुतलेल्या गालांकडं बघितलं. "बा... बाळा..."

"पुढं?"

"पुढं काय, मेले, तुजं थोबाड बघून कोणाला सुचेल गोड?"

दोघी हसल्या. हसता हसता काशीला हुंदका फुटला, तो काही आवरेना. शकू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

शेवटी काशीनंच वाट काढली. गोडही बोलायचं नाही आणि वाईटही नाही. पाहुण्यांशी बोलतो तसं बोलायचं, कोरडं. सटवी ऐकत असली तर तिला वाटेल, ही पोर हिची कुणी नाही. सोनलला वाटेल, सासू सुधारली. आणि आपल्याला पोर डोळे भरून बघता येईल. काशीला स्वतःच्या हुशारीचं इतकं बरं वाटलं की त्या दिवशी तिनं पंपाला पुन्हा एकदा शिवी हासडली.

दसऱ्यानंतर किशोरीचा वाढदिवस होता. काशी नवं लुगडं नेसून, नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन साहिलबरोबर माणगावला गेली. सोनलनं भाड्यानं घेतलेला दुसऱ्या मजल्यावरचा छोटा ब्लॉक, भिंतीवर फुगे, सोनलच्या मैत्रिणी आणि त्यांची मुलं. दार उघडल्याबरोबर किशोरी धावत आली आणि आजीच्या पायांना विळखा घालून वर बघत राहिली. ती हाकेची वाट बघत होती.

काशीनं हात मागं धरले. उचलून घेतली असती तर तोंड ताब्यात राहिलं नसतं.

"कशा आहात किशोरीताई?" ती म्हणाली. "बरं हाय ना? शाळेत जाता ना?"

सोनलच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की विचारू नका. तिनं मैत्रिणींकडं वळून पाहिलं, बघा म्हणून. पण किशोरीचा विळखा सैल झाला. ती आजीकडं बघत एक पाऊल मागं सरली.

"आजी, तू माझ्यावर रागावलीस?"

"न्हाय हो ताई. मी कशाला रागवू?"

"मग अशी का बोलतेस?"

काशीनं नारळाच्या वड्यांचा डबा पुढं केला. पोरीनं तो घेतला नाही. ती जाऊन पडद्यामागं उभी राहिली आणि औक्षणाला बोलावलं तेव्हा डोळे पुसत बाहेर आली. सगळ्यांनी ओवाळलं. सोनलनं ताम्हन काशीच्या हातात दिलं आणि फोन समोर धरला. त्या मे महिन्यातलं पुसून टाकायचं होतं तिला. तिचंही काय चुकलं?

"आई, ओवाळा आणि दोन गोड शब्द बोला तिला. बाबा यायचेत अजून, त्यांना पाठवते मी."

काशीनं ओवाळलं. किशोरीचा चेहरा दिव्याच्या उजेडात तिच्यासमोर होता, नाक लाल झालेलं, ओठ थरथरणारे. आणि सगळ्यांच्या देखत पोर म्हणाली, "मला उकिरडे म्हण ना गो. एकदाच म्हण."

कुणीतरी खाकरलं. सोनलचा फोन धरलेला हात खाली आला आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं पुन्हा मे महिन्यासारखं झालं. काशीला दिसलं, की आता गेली पोर हातची. काहीतरी बोलायला हवं, आत्ता, लगेच, नाहीतर हे दार पुन्हा उघडणार नाही. आणि ज्या शब्दाला तिनं इतकी वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं तोच शब्द धावून आला.

"माझं सोनं गो ते," काशी म्हणाली.

म्हणाली आणि तिला कसं बरं वाटलं, काय सांगू. साहिलला कधी म्हटलं नव्हतं, जिवंत पोटच्या पोराला नाही. ते सगळं एका शब्दात बाहेर आलं. तिनं एका हातानं पोरीला छातीशी धरलं, मुका घेतला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सोनल डोळे टिपत होती, आणि येऊन तिनं सासूच्या पायांना हात लावला. टाळ्या थांबल्या तशी काशीला आपण काय बोललो ते ऐकू आलं. तिनं पोरीला घाईनं दूर केलं. साहिलनं तिच्या हातातलं ताम्हन काढून घेतलं. त्याचाही चेहरा उतरला होता.

सकाळी किशोरीचं अंग तापलं होतं.

डॉक्टर येऊन गेला. साथ चालू आहे म्हणाला, घरोघरी पोरं तापलीत, औषध देत राहा, उतरेल. सोनलनं मान डोलावली. काशी भिंतीला टेकून बसली होती, तिला डॉक्टरचं एक अक्षर ऐकू आलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर गोकुळाष्टमी होती. तोच शब्द, तशाच भोवती जमलेल्या बायका, तशीच तापलेली मांडी. दुपारपर्यंत ताप चढत गेला. पोर डोळे उघडेना. काशीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, देवाचं नाव घेऊन बघितलं, साहिलला खुणेनं बोलावलं. तो म्हणाला, "आई, काही होत नाही गं. औषध दिलंय." आणि तो आणखी औषध आणायला खाली गेला.

सोनल पट्ट्यांसाठी पाणी आणायला सैपाकघरात गेली तेव्हा काशी पलंगाजवळ सरकली. पोरीच्या कपाळावर हात ठेवला. मग तिचं तोंड सुटलं.

"मर मेले. मर एकदाची. कोणाला हवीस तू? काळतोंडे, उकिरडे, घाण कुठली. माझी कोण न्हायस तू. न्यायची तर ने म्हणावं, मी न्हाय अडवणार. जा! मढं जाऊ दे तुजं!"

घसा फाटेपर्यंत ती बोलत होती, हात पोरीच्या केसांतून फिरत होता, आणि डोळ्यांतलं पाणी पोरीच्या गालावर पडत होतं. किशोरीनं डोळे किलकिले केले. ओठ हलले. "काय गो म्हाताऱ्ये," असं पुटपुटून ती आजीच्या हाताकडं कलली आणि झोपली.

सोनल दारात उभी होती. पाण्याचं पातेलं तिच्या हातात तसंच होतं. ते तिनं सावकाश खाली ठेवलं. ती ओरडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, केस धरले असते, तरी काशीनं ते आनंदानं सोसलं असतं. सोनलनं हात जोडले.

"माझी मुलगी तापानं फणफणलीय," ती इतक्या हळू म्हणाली की काशीला मान पुढं करावी लागली. "आणि आपण तिला मर म्हणता. मी खूप प्रयत्न केला, आई. उद्या सकाळी आपण आपल्या घरी जावं. आणि कृपया, पुन्हा इथं येऊ नये."

सोनल वाईट होती का? छे. कुठल्याही आईनं हेच केलं असतं. रात्रभर ती लेकीच्या उशाशी बसून होती, आणि काशी बाहेरच्या खोलीत बंद दाराकडं तोंड करून. दोघी एकाच पोरीसाठी जाग्या होत्या.

उजाडता उजाडता ताप उतरला. डॉक्टरचं औषध लागू पडलं, सोनल म्हणाली. काशीनं आतला आवाज ऐकला, पोर दूध मागत होती. तिनं भिंतीलाच डोकं टेकवलं. उतरला. सटवीनं ऐकलं, विश्वास ठेवला, आणि गेली. आता पुन्हा कधी आपली चूक होता कामा नये. ती उठली, पिशवी घेतली आणि सुनेसमोर उभी राहिली. इतकी वर्षं भवाने, मेले, काळतोंडे असं काहीबाही म्हणून हाका मारलेल्या त्या पोरीकडं तिनं एकवार नीट बघून घेतलं.

"येते हां, सोनलबाई," ती म्हणाली. "तुम्हाला फार तरास झाला. काळजी घ्या तुमची."

सोनलला वाटलं, बघा, मनात आणलं तर येतं की नीट बोलता. साहिलनं मात्र ते ऐकलं आणि त्यानं जिन्याचा कठडा धरला.

खाली आल्यावर तो रडायलाच लागला. लहानपणी टोचलेल्या नाकाला अजून बारीकशी खूण होती, ते नाक पुसत म्हणाला, "आई, थांब जरा. मी आत्ता वर जातो आणि सगळं सांगतो तिला. राजाचं, सोन्याचं, सगळं. मघाशीच सांगायला हवं होतं. कधीचंच सांगायला हवं होतं."

काशीनं त्याची मनगटं धरली. त्यानं एकदा तोंड उघडावं म्हणून ती किती महिने वाट बघत होती. आणि आता तो सांगायला निघाला होता तर तिनंच त्याला अडवलं.

"न्हाय दगड्या. सांगायचं न्हाय. आत्ता कुठं ताप उतरलाय तिचा. तू सांगशील, ती ऐकंल, आणि दुसरी बी ऐकंल. मग मी काय बोलून वाचवू पोरीला? माझ्याकडं आता दुसरं काय उरलंय?"

"मग तुला ती दिसणार नाही, आई."

"न्हाय दिसली तर न्हाय. जगू दे."

रिक्षा आली. रिक्षावाल्यानं पिशवी मागं ठेवली. काशीनं एक पाय आत टाकला, तेवढ्यात वरच्या गॅलरीतून हाक आली. तापानं बसलेला घसा, पण सगळी गल्ली ऐकेल अशी.

"म्हाताऱ्ये! ए मेले! कधी येशील गो?"

मग कुणीतरी पोरीच्या तोंडावर हात ठेवला असावा, कारण पुढचे शब्द कळले नाहीत. काशी तशीच उभी राहिली. मान वर केली असती तर पोर दिसली असती, आणि दिसली असती तर तोंडातून काय निघेल ते तिला आता पक्कं ठाऊक होतं. तिनं पदर कपाळावर पुढं ओढला.

"मावशी, ती पोरगी तुम्हालाच हाक मारतेय वाटतं," रिक्षावाला म्हणाला. "नात का तुमची?"

"न्हाय हो दादा," काशी म्हणाली, मोठ्यानं, ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं असं. "मी न्हाय वळखत तिला. माझी कोण न्हाय ती. तुम्ही चला."